जरा गार होतं, एवढंच

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. माझं काम घुसळण्याचं. तुमच्या घरी रवीने दही घुसळलं की लोणी वर येतं आणि ताक खाली राहतं. मी तसंच रक्त गरगरा फिरवते आणि जड ते तळाला, हलकं ते वर, मधलं ते मध्ये अशी वाटणी करून देते. पुस्तकात मला सेंट्रिफ्यूज म्हणतात. पण जिच्या हाताखाली माझा सारा जन्म गेला त्या मार्लिस हाउगेनने माझं नाव हुल्डामावशी ठेवलं, आणि मनातल्या मनात मी त्याच नावाला ओ देत आले.

सध्या माझा मुक्काम दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या डुलुथ गावी, एका इस्पितळाच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी आहे. माझ्या झाकणावर कुणीतरी रंगाचे अर्धवट डबे ठेवले आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या मुलखात तक्रार कुणीच करत नाही, आणि माझी सगळी कहाणी त्या न करण्याचीच आहे.

मी जन्मले एका कारखान्यात. तिथे मला बरेच दिवस नुसतं रिकामं फिरवून पाहिलं. कुठे थरथर नाही, कुठे कुरकुर नाही असं दिसल्यावर खोक्यात भरलं. खोकं उघडलं तेव्हा खिडकीतून समुद्रासारखं अथांग सरोवर दिसत होतं आणि त्यावर लोखंडाची माती वाहून नेणारी लांबच लांब जहाजं चालली होती. समोर उभी होती मार्लिस. उंच, हाडापेराने मजबूत, केस कानापर्यंत कापलेले. तिने माझं झाकण उघडलं, आत हात फिरवला आणि म्हणाली, "अगदी आमची हुल्डामावशीच! बसायला वेळ, उठायला वेळ, पण घाई करायची कुणाची छाती नाही."

तिचं माहेर शेतावरचं, घरी गाई. दुधावरची साय काढायचं हाताने फिरवायचं यंत्र तिने लहानपणी फिरवलेलं. त्यामुळे यंत्राशी कसं वागावं हे तिला शिकवावं लागलं नाही.

माझा एक स्वभाव तुम्हाला सांगायलाच हवा. मला सुरू करणं सोपं, थांबवणं अवघड. माझ्यात ब्रेक आहे, पण नाजूक कामाच्या वेळी तो लावायचा नसतो. आत रक्ताचे थर एकावर एक अलगद बसलेले असतात. ब्रेक मारला की धक्का बसतो, सगळं पुन्हा मिसळतं आणि केलेलं काम पाण्यात जातं. म्हणून मला माझ्या गतीने, हळूहळू थांबू द्यावं लागतं. उतावळ्या माणसांचं माझ्याशी कधीच जमलं नाही. मार्लिसचं जमलं. मी थांबेपर्यंत ती शेजारी उभी राहून पातळ कॉफी पीत असे.

सुरुवातीची वर्षं साधी गेली. मग एका वर्षी दक्षिणेकडून, टेक्सासहून, डॉक्टर टिबेट्स आले. मोठा आवाज, मोठ्या मिशा, जोरात हसणं. ते कॅन्सरचे डॉक्टर. त्यांनी आमच्या खोलीत नवं काम सुरू केलं, आणि माझ्या आयुष्याला खरा अर्थ आला असं मला तेव्हा वाटलं.

ते काम असं. शरीरात कुठे गाठ झाली की तिच्यातल्या काही पेशी सुटून रक्तात वाहू लागतात. असंख्य तांबड्या-पांढऱ्या पेशींच्या गर्दीत अशा एखाद-दोन. त्या शोधायच्या. मी रक्त फिरवून मधला पांढुरका थर वेगळा करून द्यायचा, मार्लिसने त्यातून चुंबकाच्या बारीक मण्यांनी गाठीच्या पेशी पकडायच्या, आणि मग त्या फोडून आतले निरोप वाचायचे. या निरोपांना आरएनए म्हणतात. पेशीकडे तिची मूळ पोथी असते, ती कपाटबंद. रोज काय करायचं ते सांगणारे निरोप त्या पोथीवरून उतरवून बाहेर पाठवले जातात. पोथी वाचून पेशी काय काय करू शकेल ते कळतं, निरोप वाचून ती आज काय करते आहे ते कळतं. निरोप मात्र फार अल्पायुषी. बोटाच्या घामानेही मरतात. मार्लिस हातमोजे घालूनही त्या नळ्यांना असं धरायची जसं कुणी नवजात पिल्लू धरावं.

काही आजाऱ्यांना डॉक्टर एक गोळी देत. ती गोळी पेशीच्या एका कुलपात जाऊन बसते आणि तिला वाढण्याचा हुकूम मिळू देत नाही. पण काही पेशी महा बिलंदर. त्या आपला निरोपच कापून आखूड करतात आणि कुलूप नसलेलं दार घडवतात. मग गोळी बसणार कुठे? असा आखूड निरोप सापडला की गोळी ताबडतोब बंद करून सलाइनमधून कडक औषध सुरू करायचं. ते औषध अंगात ताकद असेतोवरच पेलतं. म्हणून वेळेवर कळणं हाच सगळा खेळ होता. टिबेट्ससाहेब माझ्या झाकणावर थाप मारून म्हणत, "हुल्डा, तू नसतीस तर मी आंधळा असतो!" कौतुक कुणाला नको असतं? मलाही आवडायचं.

आता इथल्या माणसांविषयी. ती फार चांगली. बर्फात तुमची गाडी रुतली तर अनोळखी माणूस फावडं घेऊन येईल आणि नाव न सांगता निघून जाईल. पण त्यांच्या जिभेला एक खोड आहे. कुठलीच गोष्ट तिच्या मापाने बोलत नाहीत. सरोवरात जहाज उलटवणारं वादळ आलं तर म्हणतील, जरा वारा सुटलाय. दारं उघडेनाशी होतील इतका बर्फ पडला तर म्हणतील, थोडा पडला काल. जेवण अप्रतिम झालं तर 'वाईट नाही', आणि हाड मोडलं तरी 'वाईट नाही'. मार्लिसचा नवरा गेला त्यानंतर ती कामावर आली तेव्हा कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "घर जरा शांत वाटतं." मग माझं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. मला वाटतं, दुसऱ्याला आपलं ओझं होऊ नये म्हणून ही माणसं असं बोलतात. पण आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण.

रेइनो कांगासची आणि माझी पहिली भेट शरदात झाली. हा म्हातारा वरच्या खाणपट्ट्यातल्या एका खेड्यातला, आजोबा फिनलंडहून आलेले. उमेदीची सगळी वर्षं त्याने जहाजांत लोखंडाची माती भरण्यात घालवली. त्याची गाठ प्रोस्टेटची, पुरुषांना उतारवयात होते ती, आणि ती हाडांत पसरली होती. हाडातून तुकडा काढून तपासणं त्याला सोसवलं नसतं, म्हणून रक्त. ते दिल्यावर तो मुलाला, डॅरिलला, घेऊन थेट आमच्या खोलीतच आला. त्याच्या काखेत एक पाव होता, वेलदोडा घातलेला, वेणीसारखा वळलेला. त्याला ते पुल्ला म्हणतात.

"माझं रक्त कुठे जातं ते बघायला आलो," तो दारातूनच म्हणाला. "चालेल ना?"

"आलाच आहात तर या," मार्लिस म्हणाली. "ही बघा. हुल्डामावशी."

"माझीही एक चुलती हुल्डा होती. अशीच, पोट मोठं आणि आवाज बसका."

"हळू बोला, ऐकते ती."

"मग तिलाच सांगतो." तो वाकून माझ्या झाकणाशी तोंड आणून म्हणाला, "मावशे, बेताने फिरव. म्हाताऱ्याचं रक्त आहे, घेरी येईल."

डॅरिल हसला. चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा गडी, पण बापाच्या मागे असा उभा होता की बाप पडलाच तर झेलायचा. मार्लिसने विचारलं, "दुखतं का फार?"

"वाईट नाही," रेइनो म्हणाला. त्याने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. "मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडतो ना. तेवढं होडीत बसता आलं, गळ टाकता आला, की झालं. पुढचं पुढे."

त्या खेपेला त्याच्या पेशी सापडल्या आणि त्यांच्यातले निरोप धड होते, आखूड नव्हते. गोळी सुरू झाली. गोळीने त्याला उभं केलं. त्या हिवाळ्यात त्याने स्वतः सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवली, स्वतः लाकडं फोडली, असं डॅरिल मोठ्या अभिमानाने फोनवर सांगे. पण या रोगाचा भरवसा नसतो. निरोप कधीही बदलू शकतो. म्हणून हिवाळा सरता सरता पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. गोळी चालू ठेवायची की कडक औषधाकडे वळायचं, ते त्या एका नळीवर अवलंबून होतं.

रक्त त्याच्या गावच्या दवाखान्यात काढलं. नेहमी तिथून एक गाडी नळ्या घेऊन येते. नेमकं त्या दिवशी तुफान आलं आणि गाडी निघालीच नाही. डॅरिल म्हणाला, मी नेतो. बर्फ काढणाऱ्या यंत्राच्या मागे मागे, गाडी हाकत, तो दुपारी आमच्या दारात पोचला. दाढीत बर्फाचे मणी, ओठ निळे, हातात मासे ठेवायची लाल पेटी.

मित्रांनो, इथला प्रत्येक माणूस हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरतो. धरलेला मासा पेटीत बर्फात खोचायचा, म्हणजे घरी पोचेपर्यंत ताजा राहतो, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं. डॅरिलने बापाचं रक्त त्याच मायेने बर्फात खोचून आणलं होतं.

"आणलं बघ!" तो पेटी टेबलावर ठेवत म्हणाला. "वाटेत थांबून थांबून नवा बर्फ भरला. गाडीतला हीटरसुद्धा बंद ठेवला, म्हटलं गरम व्हायला नको."

मार्लिसने पेटी उघडली. बर्फातून नळी काढली, आणि तिचा हात तसाच थांबला. ते रक्त खोलीइतक्याच उबेत राहायला हवं असतं. गार पडलं की रक्तातले गोठवणारे कण जागे होतात, एकमेकांना चिकटतात, गुठळ्या धरतात, आणि गाठीच्या त्या मोजक्या पेशी गुठळ्यांत अडकून पडतात. मग कितीही घुसळा, त्या हाती लागत नाहीत. दवाखान्यातल्या बाईने डॅरिलला नळी जपून ने म्हणून सांगितलं होतं. त्याला जपणं म्हणजे बर्फ एवढंच ठाऊक होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

मी म्हटलं, आता मार्लिस सांगणार. सांग, बाई. बिघडलं म्हण. दुसरी नळी हवी म्हण.

तिने डॅरिलकडे पाहिलं. तो हातांवर फुंकर मारत उभा होता आणि लहान मुलासारखा शाबासकीची वाट बघत होता.

"जरा गार आहे," ती म्हणाली.

"गारच हवं ना! मासा काय आणि रक्त काय."

"हं. बघते काय होतं ते. आधी कॉफी घे, बोटं आखडलीत तुझी."

मला त्या क्षणी ओरडता आलं असतं तर! पण यंत्राचा जन्म म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिने नळी माझ्यात ठेवली. मी फिरू लागले आणि पहिल्या फेऱ्यांतच मला कळलं. ते रक्त सरळ वाटलं जात नव्हतं. आत काहीतरी लोंबत होतं, ओढत होतं. मी थरथरले. मार्लिसने माझ्या झाकणावर तळहात ठेवला, आणि तिलाही कळलं. मी थांबले तेव्हा मधल्या थराच्या जागी नुसत्या तारा आणि गोळे होते. तिने तरीही सगळं काम केलं. मणी घातले, चुंबक लावला, भिंगाखाली पाहिलं. गाठीची एकही पेशी सापडली नाही. पेशीच नाही तर निरोप कुठला?

संध्याकाळ होण्याआधी तिने टिबेट्ससाहेबांना फोन केला. त्यांचा आवाज इतका मोठा की पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येई.

"डॉक्टर, कांगासांच्या रक्तात गाठीची पेशी सापडली नाही."

"एकही नाही? झकास! मार्लिस, या आठवड्यातली पहिली चांगली बातमी दिलीस!"

"नळी जरा गार होती पण, आली तेव्हा."

"या गावात गार काय नाही? माझ्या मिशा गोठल्यात!"

"म्हणजे... जमलंच तर पुन्हा एकदा रक्त घेतलं तर, मला वाटतं, वाईट होणार नाही."

"घेऊ की, पुढच्या खेपेला. त्या बिचाऱ्याच्या शिरा सापडत नाहीत, टोचून टोचून चाळण झालीय हाताची. आता तरी सुखाने राहू दे त्याला."

"बरं," मार्लिस म्हणाली.

इथला माणूस असता तर 'जरा गार' म्हणजे काय ते ओळखून उडी मारून उठला असता. टिबेट्ससाहेब दुसऱ्या मुलखातले. त्यांच्याकडे जरा म्हणजे जराच. त्यांनी 'सापडली नाही' ऐकलं आणि 'नाहीच' असं समजले. मित्रांनो, या दोन वाक्यांत एका माणसाचं आयुष्य मावतं. मार्लिस फोनशेजारी बसून राहिली. तिने पुन्हा फोन उचलला, आणि ठेवला. डॉक्टरांना तिने पुन्हा सांगायला हवं होतं. तिला डॅरिलची आखडलेली बोटं दिसत असावीत.

दुसऱ्या आठवड्यात रेइनोने पुल्ला पाठवला. एक नाही, टोपलीभर. सगळ्या मजल्यावर वाटला गेला, टिबेट्ससाहेबांनी दोन तुकडे खाल्ले. मार्लिसने आपला तुकडा माझ्या झाकणावर ठेवला. तो तिथेच सुकला.

पुढचं सगळं माझ्या कानावर आलेलं. वसंतात रेइनोची पाठ दुखू लागली. डॉक्टरांनी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, वाईट नाही. घरची माणसं म्हणाली, पाठ तर जहाजांवरच गेली होती याची, आणि रक्त तर साफ आहे. मे महिन्यात मासेमारी उघडली. डॅरिलने त्याला उचलूनच होडीत बसवलं. तो बसला खरा, पण गळ धरवेना, म्हणून डॅरिलने काठी धरली आणि त्याने नुसता हात वर ठेवला. मासा लागला नाही. उन्हाळा गेला. मग एका सकाळी सॉनाच्या पायरीवर त्याचा पाय उभ्याउभ्या मोडला. हाड आतून पोखरून गेलं होतं. नवीन रक्त आलं, या वेळी नीट उबेत आलेलं. मी फिरवलं. मधला थर जाड आला. पेशीच पेशी, आणि आखूड निरोप इतके की शोधावे लागलेच नाहीत.

कडक औषध पेलायची ताकद आता उरली नव्हती. टिबेट्ससाहेब आमच्या खोलीत येऊन स्टुलावर मटकन बसले. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता. "तेव्हा तर काहीच नव्हतं, मार्लिस. एका उन्हाळ्यात इतकं? चकवलं मला या रोगाने."

मार्लिस म्हणाली, "हं."

तळी गोठायच्या आत रेइनो गेला.

त्यानंतर मार्लिस माझ्याशी बोलेनाशी झाली. काम चोख करायची, पण मी थांबेपर्यंत कॉफी घेऊन उभी राहायची नाही. खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मी तिच्यावर रागावले होते, खोटं कशाला सांगू? पण तिची वाकलेली पाठ पाहून माझा राग टिकत नसे. तिने वाईटपणा टाळला होता, आणि टाळलेला वाईटपणा व्याजासकट परत आला होता.

डिसेंबरात पुन्हा तसंच तुफान आलं. मी दुसऱ्या कुणाचं तरी रक्त फिरवत होते. दार उघडलं आणि डॅरिल आत आला. तसाच गारठलेला, हातात तीच लाल पेटी.

"रस्ते बंद, गाडी येत नाही म्हणाले," तो टोपीवरचा बर्फ झटकत म्हणाला. "आमच्या शेजारचा ऑर्व्हिल आहे ना, त्यालाही तेच निघालंय. त्याचं रक्त आणलं. त्याची बायको रडत होती, मी म्हटलं, अगं, रडतेस काय? मला येतं हे काम. बाबांचं नव्हतं का नेलं? बर्फात खोचायचं, हीटर बंद करायचा. आता गावात सगळ्यांना शिकवून ठेवलंय मी."

मार्लिस पेटीकडे बघत राहिली. तिने ती उघडली नाही.

"बाबा गेले ते गेले," डॅरिल हळू आवाजात म्हणाला. "पण निदान त्या वेळी तपासणी तरी नीट झाली. तो उन्हाळा त्यांनी निर्धास्त काढला. तुझे उपकार आहेत, मार्लिस. म्हटलं, एकदा तोंडावर सांगावं."

माझी वेळ भरली होती. मोटर बंद झाली आणि मी नुसत्या अंगच्या गतीने फिरत होते, हळूहळू उतरत होते. ब्रेक लावला नव्हता. खोलीत माझाच आवाज होता, आणि तो बारीक होत चालला होता. मार्लिसने दोन्ही हात टेबलावर टेकले.

"डॅरिल, हे रक्त बिघडलंय," ती म्हणाली.

"जरा गार झालं असेल..."

"जरा नाही. बिघडलं. गार पडलं की आतल्या पेशी गुठळ्यांत अडकतात. काही सापडत नाही. असलं तरी सापडत नाही. हे रक्त बर्फात ठेवायचंच नसतं. ऑर्व्हिलचं पुन्हा काढावं लागेल, आजच. मी आत्ता फोन करते तिकडे."

तिने त्याच्यासमोरच दवाखान्याला फोन लावला. तिच्या तोंडून असे शब्द मी कधी ऐकले नव्हते. "नळी वाया गेली. पुन्हा काढा. उबेत ठेवा, बर्फ लावू नका. आणि हे गावात सगळ्यांना सांगा." तिने फोन ठेवला.

मी थांबले.

डॅरिल पेटीकडे बघत होता. मग त्याने मान वर केली.

"तेव्हाही?"

मार्लिसचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "हो."

"तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"हो. मी सांगायला हवं होतं. तुझ्याकडे बघून सांगवलं नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एखादं काचेचं भांडं फोडलं असतं तरी मला चाललं असतं. त्याने पेटी उचलली, मोरीपाशी नेली आणि त्यातला बर्फ ओतला. बर्फ भुशासारखा पसरला आणि ऑर्व्हिलची नळी त्यावर आडवी झाली. तो बर्फ वितळायची वाट पाहत असल्यासारखा तिथे उभा राहिला.

"हीटर बंद ठेवला होता मी," तो म्हणाला. "अख्खा रस्ता."

पेटी काखेत मारून तो दाराकडे वळला. मार्लिस मागून म्हणाली, "डॅरिल. ठीक आहेस ना तू?"

त्याने मागे न बघता उत्तर दिलं, "वाईट नाही."

मित्रांनो, त्यानंतर तो कधी आला नाही. मार्लिसने त्याच दिवशी टिबेट्ससाहेबांनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि माझ्या झाकणावर थाप मारणं त्यांनी सोडून दिलं. मार्लिस मात्र बदलली. तिची जीभ सरळ झाली, इतकी की लोक तिला टाळू लागले. पुढे माझ्या आसाची झीज झाली आणि मी कुरकुरू लागले, तेव्हा वरच्यांनी विचारलं, कशी आहे ही? पूर्वीची मार्लिस म्हणाली असती, जरा आवाज करते. या मार्लिसने सांगितलं, "संपली ही. हिच्यात कुणाचं रक्त ठेवू नका." खरं होतं ते. मला वाईट वाटलं, पण मी तिला दोष देत नाही. जाताना तिने माझं झाकण उघडून आत पुसलं आणि मला इथे तळघरात आणून ठेवलं. महिनाभरात तीही निवृत्त झाली.

ऑर्व्हिलचं रक्त दुसऱ्यांदा नीट आलं. त्याच्यात आखूड निरोप निघाला. कळलं वेळेवर, पण सगळ्यांना औषध लागू पडतंच असं नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. दुसऱ्याचं मन राखायला जाऊन त्याचा जीव गमावू नका. बिघडलं असेल तर बिघडलं म्हणा, दुखत असेल तर दुखतं म्हणा. आणि कुणी 'वाईट नाही' म्हणालं तर तिथे थांबू नका, पुन्हा विचारा, खोदून विचारा. माझं हे सांगणं पालथ्या घड्यावरचं पाणी ठरेल याची मला खात्री आहे. कालच बॉयलर दुरुस्त करायला दोघं जण आले होते. एकाने दुसऱ्याला विचारलं, "काय, कसं चाललंय?" दुसरा म्हणाला, "वाईट नाही." पहिल्याने मान हलवली आणि पाना हातात घेतला.

दुसऱ्याचा हात गळ्यात बांधलेला होता.